नांगराची मुदत

राणीसाहेबांच्या त्या दरबारात मी नव्हते. धाकोजी तांडेलांच्या वंशजांनी सांगितले, तेवढेच लिहिते.

बंदराच्या तोंडाशी परकीय आरमाराची चाळीस जहाजे उभी होती. त्यांचा वकील राणीसाहेबांना म्हणाला, "शत्रूच्या आरमारापासून तुम्हाला राखू. फक्त नांगर टाकण्यापुरती जागा द्या."

नकार दिला तर बंदर आजच जाणार होते, होकार दिला तर हळूहळू.

राणीसाहेबांच्या जहाजावरचे तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, धाकोजी उठले. "वकीलसाहेब, आमच्याकडे शेताच्या आणि जहाजाच्या नांगराला कायदा एकच. बारा वर्षे ज्याचा नांगर चालला, जागा त्याची. आपण तर राखायलाच आलात. मग अकराव्या वर्षी नांगर उचलू, एवढे लिहून द्या."

नाही म्हणावे तर हेतू उघडा पडणार. वकिलाने सही केली.

अकराव्या वर्षी जहाजे गेली. करारामुळे, की शत्रूच आधी परतला म्हणून, याचा पुरावा मला सापडलेला नाही.