दिगूने ताण घालवला

“मी सांगितलं? मी?”

“हो. तूच सांगितलंस, आक्का.”

“परीक्षा चालू असताना आगीचा बंब बोलव, असं मी सांगितलं?”

“आधी सगळ्यांना बाहेर काढ, मग बंब बोलव, असं सांगितलंस. मी आधी बाहेर काढलं. मग बंब बोलावला. काही पुढं-मागं झालं का?”

आक्काच्या हातात उत्तरपत्रिका होती. तिच्यातून पाणी गळत होते. शाई आक्काच्या कोपरापर्यंत उतरली होती. समोर तिचा धाकटा भाऊ दिगू उभा. दोघांभोवती परीक्षेला बसलेली सारी पोरे, तीही निथळत.

आता हे भांडण कळायचे तर थोडे मागे जायला हवे.

एका गावात हा भोळा दिगू राहत होता. गाव कसले, माळावर एक विद्यापीठ आणि त्याच्या पायाशी चार दुकाने. दिगू सांगाल ते करायचा. सांगाल तेवढेच करायचा. आणि एकदा सांगितलेले कधी विसरायचा नाही. खरी पंचाईत तिथेच होती. कुठल्याशा क्लासात जाऊन तो मोबाइलची ॲप बनवायला शिकला होता. थोरली बहीण सुवर्णा, त्याची आक्का, विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी ठरलेली. एवढी परीक्षा पास झाली की रुजू व्हायचे. नाही झाली, तर मामाने बघून ठेवलेला नवरा तयारच होता.

कुलगुरूबाईंच्या कानावर आले की मुलांना अभ्यासाचा फार ताण येतो. निकाल वेळेवर लागत नाहीत, ग्रंथालयाला दिवेलागणीलाच कुलूप लागते आणि मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागते, हेही कानावर आले होते. पण मोठ्या माणसांचे कान मोठे असले तरी त्यात सगळेच मावते असे नाही. बाई म्हणाल्या, “ॲप काढा.” दिगू स्वस्तात मिळाला. ॲपचे नाव ठेवले ‘निवांत’.

दिगूने आक्काला विचारले, “आक्का, काय केलं की ताण जातो?”

“अभ्यासाची कुणी आठवण करून दिली, की बरं पडतं बघ.”

दिगूने आठवण करून दिली. पोरे जेवायला बसली, की फोन ओरडे, “परीक्षा जवळ आली!” न्हाणीघरात शिरली, की “परीक्षा जवळ आली!” डोळा लागला, की “परीक्षा जवळ आली!” मुलींनी फोन गाद्यांच्या खाली घातले. गाद्या ओरडू लागल्या.

आक्का तणतणत आली. “अरे गाढवा, ताणलेल्या माणसापुढं परीक्षेचं नाव काढतात का?”

“नाही काढत?”

“अजिबात नाही!”

बरे, म्हणाला दिगू. ॲपमध्ये परीक्षेचे वेळापत्रक होते. त्यातून त्याने परीक्षेचे नाव काढून टाकले. प्रात्यक्षिकाच्या दिवशी निम्मा वर्ग शेजारच्या गावच्या जत्रेत पाळण्यात बसला होता. सगळे अगदी निवांत होते. ते खाली उतरेपर्यंत.

“मेल्या, लपवून ठेवतोस?” आक्का म्हणाली. “जे कळेल ते सगळ्यांना सांगायचं. मोठ्यानं सांगायचं!”

बरे, म्हणाला दिगू. ॲपमध्ये ‘मनातले लिहा’ म्हणून एक जागा होती. एका पोराने लिहिले, “कदम सरांच्या तासाला झोप आवरत नाही. पहिल्या बाकावरची मुलगी दिसते म्हणून येतो.” दिगूने ते सगळ्यांना सांगितले. मोठ्याने सांगितले. एकाच वेळी सगळ्या फोनांतून. तास कदम सरांचाच चालला होता.

ते पोर दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरही दिसले नाही.

“अरे, कुणी मनातलं सांगितलं की बोभाटा नाही करायचा!” आक्काने कपाळ बडवले. “गुपचूप ऐकायचं. हळूच म्हणायचं, डोळे मिटा, लांब श्वास घ्या, सगळं ठीक होईल.”

बरे, म्हणाला दिगू. आठवड्यात मुलींच्या मेसमधून ॲपवर निरोप आला, “लवकर कुणीतरी या. गॅसचा वास सुटलाय.”

दिगूने बोभाटा केला नाही. हळूच लिहिले, “डोळे मिटा. लांब श्वास घ्या. सगळं ठीक होईल.”

मेसच्या मावशींनी नाकाला पदर लावून सिलिंडर बंद केला, म्हणून सगळे ठीक झाले. मग त्यांनी स्वतःच्या मनातले सांगितले. ते कुठल्याही ॲपमध्ये मावणारे नव्हते.

“मुडद्या, जीव गेले असते की रे!” आक्काचा आवाज बसला होता. “अशा वेळी श्वास नाही घ्यायचा. आधी सगळ्यांना बाहेर काढायचं. मग बंब बोलवायचा. कळलं?”

“कळलं.”

म्हणून मग आजची सकाळ. आक्काचा शेवटचा पेपर. फोन दाराशी ठेवायचा होता. ठेवता ठेवता तिने भावाला लिहिले, “दिगू, घाम फुटलाय रे. छातीत धडधडतंय.”

दिगूने श्वास घ्यायला सांगितले नाही. तो धावत सुटला. घंटा बडवली, पेपर लिहिणाऱ्या पोरांना हाताला धरून बाहेर काढले. मग बंब बोलावला. बंबवाल्याने विचारले, “आग कुठाय?”

“ते आक्कानं सांगितलं नाही,” दिगू म्हणाला. “धडधड आत चाललीय.”

बंबवाल्याने आत पाणी मारले. उत्तरपत्रिका आतच होत्या, त्या वाचवायला आक्कासकट सगळी पोरे पाण्यात धावली.

तर असे ते भांडण. ऐन रंगात आले असताना कुलगुरूबाई आल्या. चिखलात पाय पडू नये म्हणून पायरीवरच थांबल्या.

“मॅडम, माझा पेपर!” आक्का म्हणाली. “परत कधी घेणार? माझी नोकरी थांबलीय.”

“घेऊ. पुढच्या महिन्यात घेऊ.” बाईंनी विचार केला. बाई विचार करायच्या तेव्हा सगळ्यांना भीती वाटायची. “पण ॲप चांगलं आहे. तुम्हाला ते नीट वापरता येत नाही, म्हणून हे झालं. तेव्हा ‘निवांत’ हा विषय सक्तीचा. त्याचा शंभर मार्कांचा पेपर आधी होईल. चाळीसच्या खाली जो राहील, त्याला बाकीच्या परीक्षेला बसता येणार नाही.”

आक्काच्या हातून उत्तरपत्रिका गळून पडली.

दिगू डोके खाजवत होता. “पण मॅडम,” तो म्हणाला, “त्या पेपराचा मुलांना ताण आला तर?”

आक्काने वळून पाहिले. जन्मात पहिल्यांदा तिच्या भावाने योग्य गोष्ट योग्य जागी विचारली होती. भांडण तसेच टाकून ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पोरेही बाईंकडे बघू लागली.

बाई पायरी उतरल्या. त्यांनी दिगूच्या पाठीवर मायेने हात ठेवला.

“अगदीच भोळा आहेस बाळ, मग ॲप कशासाठी काढलंय आपण?”