चिमाआऊचं पाणी

फार फार वर्षं झाली. घाटमाथ्यावरच्या धारखिंडीत तेव्हा धुकं आधी यायचं आणि दिवस मागून यायचा. त्या गावात चिमाआऊ नावाची बाई वाकळा शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे आणि बारीक धावदोऱ्याने ते एकजीव करायचे, हे तिचं काम. तिच्या वाकळेत निजलेल्या माणसाला वाईट स्वप्न पडत नसे, असं म्हणतात.

चिमाआऊला मूलबाळ नव्हतं. गावातच दिलेली बहिणीची लेक पारू, तीच तिची लेक. पारूला फार उशिरा मूल झालं. तेव्हा घाटाखालच्या बंदरातून एक व्यापारी लाल फलालीन घेऊन आला होता. मऊ कापड, वर सशाच्या कानासारखी लव. असं कापड गावाने कधी पाहिलं नव्हतं. चिमाआऊने ते कोरं कापड तसंच जुन्या लुगड्यांवर लावलं आणि बाळासाठी वाकळ शिवली. सगळं गाव बघायला आलं. जो तो वाकळेवरून हात फिरवून जायचा.

मग ती वाकळ पहिल्यांदा धुतली गेली. उन्हात वाळता वाळता फलालीन आटलं. खालची लुगडी मात्र होती तेवढीच राहिली. वाकळ चिरगुटासारखी गोळा झाली, टाके तटातट तुटले. पारूने तीच बाळावर घातली, कारण दुसरं काही नव्हतं. पहाटे बघते तर बाळाचे पाय उघडे आणि निळे पडलेले. बाळाच्या छातीत थंडी भरली. कितीतरी दिवस ते धड रडलंही नाही. शेवटी वाचलं. पण पारूने ती वाकळ मावशीच्या उंबऱ्यावर आणून ठेवली आणि परत गेली. त्यानंतर दोघी वाटेत समोर आल्या तरी पारू मान वळवायची.

चिमाआऊ वाकळ घेऊन ओढ्यावर गेली. गुडघाभर पाण्यात बसून तिने एकेक टाका उसवला. असं म्हणतात, की तेव्हा ओढा वाहायचा थांबला आणि पाणी तिच्याशी बोललं. पाणी म्हणालं, "लुगडं जन्मभर माझ्याकडे येत होतं. त्याचं आटायचं केव्हाच आटून झालं. कोरं कापड मला भेटलंच नव्हतं. ते आधी माझ्याकडे दे, मग सुईकडे ने."

त्या दिवसापासून चिमाआऊने कोऱ्या कापडात सुई घातली नाही. आधी कढत पाणी, मग ओढ्याचं पाणी, मग ऊन. कापड पुन्हा भिजवल्यावर बोटभरही आटेनासं झालं, की मगच कात्री.

पुढे एका वर्षी अशी थंडी पडली, की दव झाडावरच गोठायचं आणि पाखरं उडता उडता खाली यायची. त्याच दिवसांत गारांच्या माऱ्यात सापडलेला व्यापाऱ्यांचा एक बैलतांडा गावात आसऱ्याला आला. गावाने त्यांना ऊब दिली, म्हणून जाताना त्यांनी लाल फलालिनाचे गठ्ठेच्या गठ्ठे गावाला ठेवून दिले. घराघरांतून जुनी लुगडी निघाली. बायका सुया घेऊन चिमाआऊच्या दारात जमल्या. आणि चिमाआऊने गावजेवणाची तपेली चुलाणावर चढवायला सांगितली. तिला सगळं कापड भिजवायचं होतं.

गावचे मोकाशी नाना संतापी नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "आऊ, बाहेर ऊन नाही. ओलं कापड वाळायचं कधी? माणसं गारठून गेल्यावर पांघरूण कुणाला घालणार?"

चिमाआऊ म्हणाली, "आज तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यापर्यंत पुरेल, नाना. मग पुन्हा कुणाच्या तरी लेकराचे पाय उघडे पडतील. ते मी एकदा केलंय."

कुणी जागचं हललं नाही. चिमाआऊने एकटीनेच कापड उकळत्या पाण्यात बुडवलं, मग ओढ्यात खळबळलं. पण भिजलेलं फलालीन जड असतं. पिळायला दोन माणसं लागतात. ती एक टोक धरून उभी राहिली आणि दुसरं टोक पाण्यात लोळत राहिलं. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून पारू पुढे आली. पाण्यात उतरली. दुसरं टोक उचलून म्हणाली, "पिळ, मावशी."

मग सगळं गाव पाण्यात उतरलं. पिळलेलं कापड जांभळीच्या, हिरड्याच्या फांद्यांवर, कड्याच्या कडेने, जिथे जागा मिळेल तिथे टाकलं. असं म्हणतात, की तो लाल डोंगर बघायला सूर्य धुकं बाजूला सारून खाली वाकला. पलीकडच्या खोऱ्यातल्या लोकांना वाटलं, आज दुसऱ्यांदा उजाडलं.

कापड वाळलं आणि बायकांनी शिवायला घेतलं. घराघरांतल्या वाकळांची कडेला कड जोडत एकच वाकळ झाली. ती एका दारातून आत जायची आणि दुसऱ्या दारातून बाहेर निघायची. तिच्याखाली सारं गाव निजलं आणि सगळ्यांना एकच स्वप्न पडलं, की आपण कोमट पाण्यात तरंगतो आहोत. त्या थंडीत धारखिंडीचं एकही माणूस गेलं नाही.

चैत्रात ती वाकळ धुतली. ती तसूभर आटली नाही. काही म्हणतात, थोडी वाढलीच.

चिमाआऊ खूप म्हातारी होऊन, पारूच्या घरात, पारूच्या हातचं पाणी पिऊन गेली. आजही धारखिंडीत कोरं कापड पाण्यात घातल्याशिवाय कुणी कापत नाही, मग ते बाळाचं दुपटं असो की नवरीचं पांघरूण. त्याला चिमाआऊचं पाणी दाखवणं म्हणतात. आणि एक रीत आहे. कापड पिळताना दुसरं टोक धरायला घरच्या माणसाला बोलवायचं नाही. जिच्याशी अबोला आहे, तिच्या दारात जाऊन उभं राहायचं. ती मागचं काही विचारत नाही, आपणही सांगत नाही. ती पदर खोचते आणि ओढ्याकडे चालू लागते.