वेळूचे बाण

नवऱ्यामागे भागाऊने करवंदगडाची किल्लेदारी हाती घेतली, तेव्हा गडावर बाण उरले नव्हते आणि शत्रू घाटाखाली येऊन ठेपला होता. राजाकडून आलेल्या रकमेत एक तर भारी बाण झाले असते, नाहीतर शिबंदीचे पोट भरले असते. भागाऊने धान्य घेतले. मग रानातला वेळू तोडून आणवला, काड्या विस्तवावर शेकून सरळ करवल्या आणि त्यांना घारींची गळालेली पिसे बांधली.

गड तपासायला आलेले सरदार मानाजीराव ते बाण पाहून भडकले. त्यांनी तिला दरबारात उभे केले.

"महाराज, माझ्या भात्यात शिसवी बाण असतात, वर चांदीची वेलबुट्टी! हिने बुरुडाच्या टोपल्यांचा माल गडावर भरलाय. किल्लेदारी काढून घ्या."

"तुमचं काय म्हणणं?" राजाने भागाऊला विचारले.

तिने मान खाली घातली नाही. "महाराज, तलवार वार करून आपल्याच म्यानात परत येते. तिला खुशाल सोन्याची मूठ करावी. बाण मात्र सुटला की शत्रूकडेच राहतो. सरदारांची तिकडे सोयरीक असेल, तर त्यांनी चांदीचा आहेर जरूर धाडावा. माझं तिथं कुणी नाही."

दरबार खदखदून हसला. राजानेही हसू आवरत विचारले, "पण वेळूचा बाण तिथवर पोचेल?"

"शिसवीपेक्षा हलका आहे, महाराज. आधी पोचेल."

किल्लेदारी तिच्याकडेच राहिली. पुढे शत्रू घाट चढून आला, तेव्हा तटावरची माणसे पोटभर जेवलेली होती आणि भाते भरलेले होते. शत्रूला आल्या वाटेने परत जावे लागले.