एकाच वाटीतला साबण

शाळेच्या वाहतुकीचे प्रमुख गुप्तेसाहेब गाड्यांबद्दल सगळं जाणून होते. फक्त बॉनेट उघडायचा योग कधी आला नव्हता. एका दुपारी फिटर इस्माईलभाईंनी मुलांच्या सीएनजी व्हॅनच्या रेग्युलेटरवर वाटीतलं साबणाचं पाणी सोडलं, तर भराभर बुडबुडे आले.

"साहेब, गॅस गळतोय. हा रेग्युलेटर बदलल्याशिवाय यात पोरं बसवायची नाहीत."

"साबणाला बुडबुडे येणारच!" साहेब गरजले. "गाडी चारला सुटेल, नाहीतर उद्यापासून दुसरा फिटर येईल."

इस्माईलभाईंची नोकरी चोवीस वर्षांची होती. त्यांनी वाटी उचलली, शेजारीच उभ्या असलेल्या, साहेबांच्या स्वतःच्या सीएनजी मोटारीचं बॉनेट उघडलं आणि तिच्या रेग्युलेटरवर तेच पाणी ओतलं. एकही बुडबुडा आला नाही.

"इथे कसे येत नाहीत, साहेब?"

"कसे येतील?" साहेब तोऱ्यात म्हणाले. "गळत होता, म्हणून परवाच नवा बसवून घेतलाय!"

"म्हणजे तुमच्या गाडीत साबण खरं बोलतो आणि पोरांच्या गाडीत खोटं? वाटी तर एकच आहे, साहेब."

त्या दिवशी नवा रेग्युलेटर बसेपर्यंत मुलं साहेबांच्या मोटारीतून घरी गेली. चार खेपा झाल्या. गाडी साहेबच चालवत होते.