पिवळ्या स्वेटरची कड

उंच डोंगरावरच्या एका गावात वर्षातले आठ महिने धुकं असायचं. धुकं इतकं दाट, की समोरून येणारा माणूस आधी खोकल्यावरून ओळखायचा आणि मग चेहऱ्यावरून. गावात शेती थोडी आणि मेंढ्या फार. म्हणून ज्याच्या अंगात लोकरीचा चांगला स्वेटर, त्याचा हिवाळा सुखाचा, असं तिथलं जगणं होतं.

त्या गावात दोन म्हाताऱ्या राहायच्या. नात्याने त्या जावा-जावा. थोरली दोन सुयांवर स्वेटर विणायची आणि धाकटी एका आकड्याने क्रोशाचं काम करायची. दोघींची दारं समोरासमोर होती. थोरली आपल्या ओट्यावरून म्हणायची, "आमची जाऊ दिवसभर लोकरीला भोकं पाडत बसते." धाकटी मान वर न करता म्हणायची, "एका सुईने जमत नाही, म्हणून दोन घ्याव्या लागतात काहींना." गावाला याची सवय होती. दोघी हसत नसत, पण रागावतही नसत.

त्याच गावात एक मुलगी होती. तिची आई लहानपणीच गेली होती. तिचं घर थोरलीच्या शेजारीच होतं. घरात ती आणि तिचे वडील. ती त्यांना आबा म्हणायची. आबा मेंढ्या राखायचे. त्यांच्याकडे एक जुनी काळी घोंगडी होती. ती अंगाला टोचायची आणि तिला मेंढ्यांचा वास यायचा. मुलीला त्या घोंगडीची लाज वाटायची. आबांना आपल्या हातचा स्वेटर घालायचा, असं तिने मनाशी ठरवलं आणि ती थोरल्या आजीकडे शिकायला जाऊ लागली.

मुलीचा हात चांगला होता. सुलटा टाका, उलटा टाका ती दोन दिवसांत शिकली. मग वेणी शिकली, मग पानांची नक्षी, मग डाळिंबाचे दाणे. थोरली एकदा करून दाखवायची आणि मुलगी लगेच करायची. थोरली शेजारणींना सांगायची, की अशी शिकणारी मला आजवर मिळाली नव्हती. ते ऐकून मुलीचा चेहरा फुलायचा. त्यानंतर तिने थोरलीला "हे कसं?" असं विचारणं कमी केलं. चांगल्या शिकणारीने सारखं विचारू नये, असं तिला वाटू लागलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. विणकामात शेवटची ओळ झाली, की सुईवरचे टाके बंद करावे लागतात. नाहीतर सुई काढल्यावर एकेक टाका सुटत जातो. पण मुलगी शेवटच्या ओळीला आली, की विणलेलं थोरलीच्या मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "आजी, तेवढं बंद करून द्या ना. तोवर मी नवीन नक्षीचे टाके घालते."

थोरली एक-दोनदा म्हणाली, "अगं, हेही शिकून घे."

"त्यात काय आहे? ते येईलच," मुलगी म्हणाली.

आणि थोरली बंद करून द्यायची. आपल्यावाचून हिचं अजून अडतं, याचं तिलाही बरं वाटत असावं. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला थोरलीने अंथरूण धरलं. मुलगी रोज तिच्या उशाशी बसायची. थोरलीचा आवाज गेला होता. शेवटच्या दिवशी ती गोधडीवर बोटं हलवत राहिली. एक बोट दुसऱ्यावरून उचलून न्यायची आणि खाली सोडायची, पुन्हा उचलायची आणि पुन्हा सोडायची. मुलीला वाटलं, आजी सुया मागते आहे. तिने सुया आणून तिच्या हातात दिल्या. थोरलीने त्या बाजूला ठेवल्या आणि पुन्हा बोटं हलवली. संध्याकाळच्या आत ती गेली.

त्या वेळी मुलीच्या सुईवर आबांचा स्वेटर होता. दोन वर्षं मेंढ्यांची लोकर जमवून, स्वतः कातून, हळदीच्या रंगात रंगवून तिने तो विणायला घेतला होता. गळ्यापासून सुरू करून ती खाली खाली विणत आली होती. छातीवर पानं, बाह्यांवर वेणी. बाह्यांच्या कडा थोरलीनेच आजारी पडण्याआधी बंद करून दिल्या होत्या. थोरलीला जाऊन दहा दिवस झाले, तेव्हा शेवटची ओळ पूर्ण झाली. परवा आबा मेंढ्या घेऊन खिंडीपलीकडच्या कुरणात जाणार होते.

मुलीने सुईवरच्या टाक्यांकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की पुढे काय करायचं ते आपल्याला माहीत नाही.

तिने थोरलीने बंद केलेले जुने स्वेटर काढले. त्यांची कड वेणीसारखी दिसत होती. पण झालेल्या वेणीवरून ती कशी घातली ते काही केल्या समजेना. तिने पाच टाके सुईवरून काढून पाहिले. ते भराभर तीन ओळी वरपर्यंत सुटले. घाबरून तिने ते कसेबसे परत उचलले.

समोरच्या ओट्यावर धाकटी आजी क्रोशा घेऊन बसली होती. तिला विचारता आलं असतं. पण मागच्याच वर्षी पाणवठ्यावर बायकांच्या घोळक्यात मुलगी म्हणाली होती, "क्रोशाच्या स्वेटरचा उपयोग काय? वारा गाळून घ्यायला?" सगळ्या हसल्या होत्या. मागे धाकटी आजी घागर घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं होतं आणि ती पाणी भरून गेली होती.

मुलगी दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर थोडा वेळ उभी राहिली. आता हिच्यासमोर जाऊन मला येत नाही असं म्हणायचं, आणि सगळ्या गावाला कळायचं, की थोरलीच्या लाडक्या शिष्येला साधी कड बंद करता येत नाही. ती मागे फिरली.

तिने शिवणाचा दोरा घेतला. चार-चार टाके दोऱ्यात बांधून गाठी मारल्या, त्या आत दुमडल्या आणि वरून धावदोरा घातला. बाहेरून काही दिसत नव्हतं.

आबांनी स्वेटर घातला, तेव्हा ते कितीतरी वेळ बाह्यांवरून हात फिरवत राहिले. मग खालच्या कडेला हात लागल्यावर म्हणाले, "इथं जरा जाड लागतंय, पोरी."

"ते डिझाइनच तसं आहे, आबा."

तो शब्द आबांना फार आवडला. संध्याकाळी ते मुद्दाम गावातून दोन फेऱ्या मारून आले. ज्याने-ज्याने स्वेटरची चौकशी केली, त्याला-त्याला ते छाती पुढे काढून सांगत, की आमच्या पोरीचं डिझाइन आहे, खालची कडसुद्धा. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीने घोंगडी खांद्यावर टाकली. मुलीने ती काढून घेतली आणि दाराशी पायपुसणं म्हणून टाकली. आबा त्या घोंगडीकडे क्षणभर पाहत राहिले. पण लेकीचं मन मोडायला नको म्हणून तसेच निघाले.

सोबत शेजारचा एक मेंढपाळ होता. पुढे काय झालं ते त्यानेच नंतर गावाला सांगितलं.

खिंडीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना बोराटीची काटेरी झुडपं आहेत. त्यातल्या एका काट्यात स्वेटरची कड अडकली. आबांनी ओढून सोडवली आणि ते पुढे चालू लागले. पण आतल्या गाठी तुटल्या होत्या आणि सुटलेला धागा काट्यातच राहिला होता. धुक्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. आबा चालत होते आणि स्वेटर ओळीमागून ओळ उसवत होता. पोटाला गार लागलं, तेव्हा आबांनी खाली पाहिलं. मग मागे पाहिलं. एक पिवळा धागा वाटेवरून सरळ धुक्यात गेला होता.

सोबती म्हणाला, तोडा तो धागा आणि चला, वारा वाढतोय. आबा म्हणाले, पोरीने दोन वर्षं जमवलेली लोकर आहे, अशी काट्यात कशी टाकून देऊ? तू मेंढ्या घेऊन हो पुढे, मी गुंडाळत जातो आणि गुंडाळून झालं की येतो. मग ते वाकून धागा गोळा करत मागे गेले आणि धुक्यात दिसेनासे झाले.

सोबत्याने मेंढ्या कुरणात पोहोचवल्या आणि वाट पाहिली. आबा आले नाहीत. सकाळी गावातले लोक शोधायला निघाले. वाटेपासून खाली एका खडकाच्या आडोशाला आबा बसलेले सापडले. अंगावर स्वेटरचा गळा, बाह्या आणि छातीवरची पानं तेवढी उरली होती. मांडीवर लोकरीचा गुंडा होता. नीट, गोल, एकही गुंता नसलेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी झाकून ठेवला होता. त्यांचा श्वास चालू होता.

त्यांना घरी आणलं. मुलीने दारातली घोंगडी झटकून त्यांच्या अंगावर घातली आणि शेकोटी केली. पण गारठा छातीत शिरला होता. दुसऱ्या दिवशी आबांनी डोळे उघडले. लेकीला जवळ बोलावून ते हळूच म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं गं. काट्याला लागला. तुझा एवढा चांगला स्वेटर वाया घालवला मी."

मुलीच्या ओठांवर खरं आलं. पण घरात शेजारी बसले होते. थोरलीला ओळखणाऱ्या बायका होत्या. आबा बरे झाले, की सांगू, असं तिने मनात म्हटलं.

"असू द्या, आबा," ती म्हणाली.

चूक तिची होती आणि माफी तिने त्यांना दिली. आबांचा चेहरा निवळला. पहाटेच्या सुमाराला ते गेले.

दिवसकार्य झालं. पाहुणे आपापल्या घरी परतले. घर रिकामं झालं, तेव्हा मुलगी तो गुंडा आणि सुया घेऊन समोरच्या ओट्यावर गेली. धाकटी आजी चुलीवर भाताचं आधण ठेवून क्रोशाला बसली होती.

"धाकटी आजी, मला टाके बंद करता येत नाहीत," मुलगी म्हणाली.

धाकटीने हातातलं काम खाली ठेवलं. तिने एकदा गुंड्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. सगळं तिला तिथेच कळलं असावं. "माझ्याकडे त्या वेळी आली असतीस, तर..." एवढं बोलून ती थांबली. पुढचं वाक्य तिने पुन्हा कधी पूर्ण केलं नाही.

तिने सुईवर दहा टाके घातले. पहिला टाका दुसऱ्यावरून उचलला आणि खाली सोडला. पुढचा टाका घेतला, मागचा त्याच्यावरून उचलला आणि खाली सोडला. शेवटी उरलेल्या एका टाक्यातून धागा ओढून घेतला. कड वेणीसारखी बंद झाली.

"एवढंच?" मुलीने विचारलं.

"एवढंच."

चुलीवरच्या आधणाला अजून उकळी आली नव्हती.

मुलगी त्या बोटांकडे पाहत राहिली. एक बोट दुसऱ्यावरून उचलून न्यायचं आणि खाली सोडायचं. हे तिने पाहिलं होतं. गोधडीवर. मग ती रडली. आबा गेले त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती.

धाकटीने तिला रडू दिलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "थोरलीला हे कुणी शिकवलं, ठाऊक आहे? मी. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा ती मोठी जाऊ, नावाजलेली विणणारी. तरी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, मला कड नीट येत नाही, दाखव. जन्मभर मला टोमणे मारले तिने. पण येत नव्हतं ते विचारायला लाजली नाही."

मुलीने त्याच पिवळ्या लोकरीने स्वेटर पुन्हा पूर्ण केला आणि त्याची कड बंद केली. घालायला कुणी नव्हतं. तो खुंटीवर राहिला.

पुढे ती त्या गावातली मोठी विणणारी झाली. तिच्याकडे मुली शिकायला यायच्या. ती त्यांना नक्षी शिकवायची, वेणी शिकवायची, क्रोशाची जाळीही शिकवायची. पण पहिल्या दिवशी सुईवर दहा टाके घालून द्यायची आणि ते बंद करायला लावायची. कुणी घाईने "आलं" म्हणालं, की ती टाके पुन्हा घालून द्यायची. कुणी "येत नाही" म्हणालं, की तिला जवळ बसवायची.

एकदा एका लहान मुलीने खुंटीकडे बोट दाखवून विचारलं, की हा स्वेटर कुणाचा?

"माझ्या आबांचा."

"मग ते घालत का नाहीत?"

तिने स्वेटर काढून त्या मुलीच्या हातात दिला. "कड बंद केलेली आहे का, बघ."

त्या लहानगीने सगळ्या कडेवरून बोट फिरवलं. "आहे की."

"हो," ती म्हणाली, "पण उशिरा केली." आणि तिने तो पुन्हा खुंटीला अडकवला.

तात्पर्य एवढंच: आपल्याला जे येत नाही ते जाणत्या माणसाला वेळेवर विचारावं, लाजेने झाकलेल्या उणिवेची शिक्षा पुष्कळदा आपल्याला नाही, तर आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला भोगावी लागते.