राणीची मागं राहिलेली झोप

सरका जवळ. मालू, पाय पोटाशी घे. विनू, तू आज 'मग काय झालं, मग काय झालं' करायचं नाही. ही गोष्ट घाई केली की रुसते, बरं का.

तर एकदा काय झालं, एक होती राणी. नाव तिचं स्थिरावती. आता नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तशातली गत. राणीचं बूड एका जागी टेकेल तर शपथ. जेवायला बसली की पहिल्या घासालाच विचारायची, "रात्री काय करणार आहात?" दिवाळीचं उटणं लावताना संक्रांतीच्या हलव्याचं बोलायची. राजा बिचारा शांत माणूस. तो म्हणायचा, "अगं, ताटातली भाजी तरी बघ." पण राणी भाजी गिळून मोकळी झालेली असायची. त्यांना एक मुलगी होती, मैना. तुमच्याएवढीच, पुढचे दोन दात पडलेली.

एक दिवस राणीच्या मनानं घेतलं की जगात जे जे नावाजलेलं आहे ते ते बघून यायचं. मग काय, रथ सजला, घोडे जुंपले. मैनेलाही बरोबर घेतलं. निघताना कुठं म्हणून विचारू नये, हे राजालाही ठाऊक होतं. म्हणून त्यानं नुसतं विचारलं, "लांब का?" राणी म्हणाली, "लांब." आणि रथ सुटला.

राणीनं मोरांचा डोंगर बघितला. शंभर मोर एकदम पिसारा फुलवून नाचले, आणि राणी विचारते, "पुढचं ठिकाण किती दूर?" मग कमळांचं तळं बघितलं. मग समुद्र बघितला. एवढा मोठा समुद्र समोर पसरलेला, मैना हरखून पाण्यात उड्या मारते आहे, आणि राणी सारथ्याला म्हणते, "आता परतीची वाट कुठून सोपी पडेल?" असलं तिचं बघणं.

आता वाटेत कुठं कुठं थांबावं लागतंच. एकदा रथाच्या चाकाची धाव निघाली. चाकावर लोखंडाची पट्टी असते ना, तिला धाव म्हणतात. एकदा नदीपाशी होडीची वाट बघावी लागली. एकदा घोडे तहानले म्हणून एका वस्तीवर थांबावं लागलं. अशा प्रत्येक ठिकाणी राणी पाय आपटायची नि म्हणायची, "इथं काय आहे बघण्यासारखं? जाते मी." आणि जायची.

मग सगळं बघून राणी घरी आली. रात्र झाली, अंथरूण घातलं, आणि झोपच येईना. कूस बदलली, उशी बदलली, काही उपयोग नाही. डुलकी नाही, साधी जांभईसुद्धा नाही. वैद्यानं दुधात जायफळ उगाळून दिलं. दासींनी काशाच्या वाटीनं तळव्यांना तूप चोळलं. राजानं स्वतः अंगाई म्हटली. त्यानं राजा झोपला, राणी जागीच.

मग असे कितीतरी दिवस गेले. राणीचे डोळे झाले लालभडक, अंगावरचं मांस झडलं. ती कुणावरही खेकसू लागली. एकदा मैना लाडानं कुशीत शिरली, तर तिच्यावरही ओरडली. तेव्हापासून मैना गोष्ट ऐकायला दाईकडं जाऊन झोपायला लागली. राणीला फार वाईट वाटलं. ती खिडकीशी बसून रडली. असंच चाललं तर आपण काही जगत नाही, आणि जगलो तरी आपली मैना आपली राहणार नाही, हे तिला कळून चुकलं.

दाई म्हातारी होती. तिनं राजालाही लहानपणी मांडीवर घेतलेलं. तिनं राणीला विचारलं, "बाईसाहेब, प्रवासात जिथं जिथं थांबलात, तिथून निघताना काय म्हणत होतात?"

"काय म्हणणार? जाते म्हणत होते."

दाईनं कपाळाला हात लावला. "अगं बाई माझे. जाते म्हणू नये, येते म्हणावं. एवढं कुणी शिकवलं नाही तुम्हाला?"

मग दाईनं सगळं उलगडून सांगितलं. काय असतं, प्रत्येक माणसाच्या मागून तीन बहिणी चालत असतात. धाकटी जांभई, मधली डुलकी आणि थोरली झोप. तिघी भारी हळू चालतात. जिथं बघायला काही नसतं अशा ठिकाणीच त्या जरा टेकतात. राणी नेमकी तिथंच 'जाते' म्हणाली. त्यांना वाटलं, हिनं आपला निरोपच घेतला. मग काय करतील बिचाऱ्या? राहिल्या तिथंच.

"आता तुम्हीच जाऊन त्यांना आणा," दाई म्हणाली. "पण एक सांगते. या खेपेला तोंडातून 'जाते' निघालं, तर त्या कायमच्या राहतील. मग देवानं आणायच्या म्हटल्या तरी यायच्या नाहीत."

मग राणी निघाली. रथ नको म्हणाली, साधी बैलगाडी घेतली. बैलांची नावं होती ढवळ्या आणि पवळ्या, आणि हाकायला होता भिकू गाडीवान. मैना म्हणाली, "मीपण." राणी म्हणाली, "चल."

पहिल्यांदा लागली खडकवाडी, जिथं चाकाची धाव निघाली होती. नुसते दगड. झाड म्हणावं तर एक बाभूळ. तिच्याखाली लोहाराची भट्टी. लोहार गेला होता कोळसा आणायला, आणि लोहारीण, भागाबाई तिचं नाव, एकटीच भाता ओढून ओढून दमली होती. भाता म्हणजे आगीला वारा घालायची चामड्याची पिशवी. भागाबाई काही राणीला ओळखत नव्हती. ती म्हणाली, "बसलीच हाईस तर वाईच भाता तरी वढ, बाई."

राणीला कधी कुणी असं काम सांगितलं नव्हतं. पण बसली आणि ओढायला लागली. भात्यानं तोंड उघडलं, भात्यानं तोंड मिटलं. विस्तव फुलायचा लाल, मग पुन्हा मंद व्हायचा. राणी बघत राहिली. मैना म्हणाली, "आई, हा भाता जांभया देतोय बघ."

आणि भात्यावर कोण बसलेलं? धाकटी बहीण जांभई, एवढीशी, पण तोंड ही एवढं मोठं. ती टुणकन उडी मारून राणीच्या ओठावर आली, आणि राणीनं अशी जांभई दिली, अशी जांभई दिली, की डोळ्यांतून पाणी आलं. तिचं बघून भागाबाईला आली. मग भिकूला, मग ढवळ्याला, मग पवळ्याला. बाभळीवरच्या कावळ्यानंसुद्धा चोच वासली. काय रे विनू, तुला कशी आली? तू काय खडकवाडीचा आहेस?

भागाबाईनं जाताना वाटीभर ताक दिलं. राणी ते हळूहळू प्यायली आणि म्हणाली, "येते हं." भागाबाई म्हणाली, "ये, माय."

मग आली नदी. होडी पलीकडच्या काठाला, आणि नावाडी तिकडं भाकरी खात बसलेला. मागच्या खेपेला राणीनं त्याला अर्ध्या भाकरीवरून उठवलं होतं. या खेपेला म्हणाली, "जेवू दे त्याला." काठावर एक बाई बसली होती, तिच्या टोपलीत कोंबडीची पिलं. मैनेनं एक पिलू ओंजळीत घेतलं. राणीनं पाण्यात पाय सोडले. बारके मासे येऊन पायाला टोचू लागले, तशी राणी खुदकन हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

होडी आली, चांगली मोठी होती, गाडीबैलांसकट सगळे चढले. पाणी चुळूक चुळूक करतंय, होडी इकडून तिकडं, तिकडून इकडं. होडीच्या टोकाला मधली बहीण डुलकी बसली होती, मान हलवत. ती उठून राणीच्या मानेत येऊन बसली, आणि राणीचं डोकं हळूच कोंबडीवालीच्या खांद्यावर कललं.  पलीकडं पोचेपर्यंत त्या बाईनं खांदा हलवला नाही, हं. असली माणसं जगात असतात म्हणून जग चाललंय.

काठ आला तशी राणी डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "भाऊ, आणखी एकदा ने आणि आण ना." नावाडी म्हणाला, "आवो, कुठं उतरायचंय तुमास्नी?" राणी म्हणाली, "कुठंच नाही." आणि खरंच, पुन्हा गेले नि पुन्हा आले. मैनेला तर काय, चंगळच.

आता राहिली थोरली, झोप. मालू, ऐकतेयस ना? ऊं कर बघू. बरं.

तिसरं ठिकाण म्हणजे घोडे तहानले होते ती वस्ती. तिला धड नावही नव्हतं. दोन झोपड्या, एक विहीर, एक गवताची गंजी. झाडाखाली शेंगांच्या वेलांचा ढीग, आणि त्या ढिगाशी एक म्हातारी शेंगा तोडत बसलेली. यसाआजी म्हणायचे तिला.

राणी गाडीतून उतरली ती शोधायलाच लागली. आता एकीसाठी थांबायचं कशाला, असं झालं होतं तिला. जुनी खोड ती, इतक्या लवकर कशी जाईल? गंजीमागं बघितलं, विहिरीत बघितलं, झोपडीत वाकून बघितलं. "झोपे, ए झोपे, कुठं आहेस? ये ना लवकर." पण झोप काही येईना. जितक्या हाका मारल्या तितकी ती गंजीत खोल सरकली. तिला हाका आवडतच नाहीत. दुपार कलली. राणी घामाघूम झाली, रडकुंडीला आली. मग चिडली. पाय आपटला आणि म्हणाली, "इथं काही नाही. इथं काय आहे? जा..."

आणि मैनेनं काय करावं? पटकन एक सोललेली शेंग आईच्या तोंडात कोंबली.

शब्द राहिला तोंडात आणि राणीनं शेंग चावली. ओली शेंग, आत्ता जमिनीतून उपटलेली. कच्च्या दुधासारखी गोड, वर थोडी मातीची चव.  पुन्हा चावली. मग खाली बसली.

"आजी," ती म्हणाली, "या शेंगा फार गोड आहेत."

"मग खा की," यसाआजी म्हणाली. "आन खाता खाता तोडू बी लाग. ढीग केवढा पडलाय."

मग राणी तोडायला लागली. एक शेंग टोपलीत, एक तोंडात, एक मैनेच्या तोंडात. यसाआजी तिच्या सुनेच्या कागाळ्या सांगत होती, त्याही राणीनं ऐकल्या. ऊन पिवळं झालं. विहिरीवर पाणी प्यायला साळुंक्या आल्या. कुठं तरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. मैना आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. राणीनं एका हातानं शेंगा तोडल्या आणि एका हातानं मैनेच्या केसांतून बोटं फिरवली. तिला फार बरं वाटत होतं.

यसाआजीनं विचारलं, "पोरी, इतक्या लांब तू काय बघाया आलीस गं?"

राणीनं आठवून बघितलं. मग म्हणाली, "काय बाई, विसरलेच."

झालं. हे ऐकलं मात्र, आणि गंजीतून थोरली बहीण उठली. अंगावर घोंगडी, पावलांचा आवाज नाही. ती मागून आली, राणीच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "येऊ का?"

राणी म्हणाली, "ये." पण 'ये' सुद्धा अर्धाच म्हणाली, हं. शेंगांच्या वेलांवर डोकं टेकलं आणि गाढ झोपली. हातात एक शेंग तशीच.

भिकूनं नि यसाआजीनं तिला अलगद गाडीत ठेवलं. आता निरोप कोण घेणार? मग मैनाच म्हणाली, "आजी, आम्ही येतो." यसाआजी म्हणाली, "या बरं का. शेंगा उरतील अजून."

इकडं राजानं काय केलं होतं, राणी येणार म्हणून वेशीवर नगारे मांडले होते, तुतारीवाले उभे केले होते, हत्ती सजवले होते. गाडी वेशीत आली. नगारेवाल्यानं काठी उचलली. तशी मैना गाडीत उभी राहिली आणि ओठांवर बोट ठेवलं. शूऽऽ.

नगारेवाल्यानं काठी काखेत धरली. तुतारीवाल्यांनी तुताऱ्या पाठीमागं लपवल्या. राजानं आपले जोडे काढून हातात घेतले आणि चवड्यांवर चालत गाडीमागून निघाला. त्याच्यामागं प्रधान, प्रधानामागं हत्ती, तेसुद्धा जपून पावलं टाकत. सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं, आणि चिडीचूप. फक्त चाकांचा आवाज. इतकी सुंदर मिरवणूक त्या गावात पुन्हा कधी निघाली नाही.

मग राणी पोटभर झोपली. उन्हं खिडकीतून पायावर आली तेव्हा जागी झाली. कुशीत मैना होती. उशाशी राजा बसला होता.

"मी कुठं आहे?" राणीनं विचारलं.

राजा म्हणाला, "इथं."

राणीनं खिडकीकडं बघितलं, राजाकडं बघितलं, मैनेच्या पडलेल्या दातांच्या जागी नवा दात डोकावत होता तो बघितला. मग म्हणाली, "अगंबाई. इथं किती छान आहे."

मग पुढं ती फिरायची थांबली का? छे. खूप फिरली. मोरांच्या डोंगरावरही पुन्हा गेली, पण खडकवाडीला दरवर्षी जायची, भाता ओढायला. आणि निघताना प्रत्येक ठिकाणी म्हणायची, येते हं. तिघी बहिणी पुन्हा कधी मागं राहिल्या नाहीत. सगळे सुखात राहिले. जशी राणीच्या उशाशी थोरली आली, तशी ती तुमच्याही उशाशी येवो, न बोलावता.

आता दिवसाला म्हणा, येतो. जातो नाही म्हणायचं.

मालू? विनू? बरं, मीच म्हणते मग तुमच्या वतीनं. हा दिवा बारीक केला. येते हं.