रविवारचा एक तास

"आणि गेल्या पाडव्याला केलेले संकल्प? त्यांचं काय झालं?" अक्कांनी विचारलं.

मोरेश्वर वाचता वाचता थांबला. हातातल्या कागदावरचे अजून सहा संकल्प वाचायचे राहिले होते.

दर गुढीपाडव्याला तो टेकडी चढून अक्कांच्या मठात यायचा, नव्या वर्षाचे संकल्प वाचून दाखवायचा आणि आशीर्वाद घेऊन उतरायचा. लहानपणी अक्कांनीच त्याला शाळेत शिकवलं होतं. पुढे त्या सगळं सोडून इथे येऊन राहिल्या. मोरेश्वर कॉलेजचा प्राचार्य झाला. हाती घेतलेलं काम मोठंच असलं पाहिजे, असा त्याचा लौकिक होता, आणि तो त्याला आवडायचाही.

"गेल्या वर्षीचे… बारा होते," तो म्हणाला.

"पाळलेस किती?"

"पहाटेचा व्यायाम चैत्रभर झाला. संस्कृतची शिकवणी लावली होती, पण…"

"पहिला कोणता होता?"

अक्का ताटलीतला कडुनिंबाचा पाला निवडत राहिल्या.

"दादाला बरं करायचं," तो शेवटी म्हणाला. "दिवाळीपर्यंत त्याला पुन्हा गायला लावायचं."

दामोदर, त्याचा थोरला भाऊ. गावच्या भजनात त्याचा आवाज वेशीपर्यंत ऐकू यायचा. अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचाच गेली.

"तुझ्या वहिनीचं काय म्हणणं होतं?"

"वहिनी म्हणाल्या, भावजी, रविवारी तासभर येऊन बसा यांच्यापाशी. मी दिवसभर बोलत असते, पण तुमचा फोन लावला की यांचे ओठ हलतात."

"मग?"

"तासाभराने काय होणार होतं, अक्का? म्हटलं, करायचं तर नीट करू. त्याला माझ्याकडेच आणू. खालची खोली रिकामी केली. चाकांची खुर्ची जावी म्हणून दार रुंद करून घेतलं. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत भाद्रपद उजाडला. मग फरशीचं काम निघालं. सगळी तयारी झाली की एकदम घेऊनच येऊ, मध्ये नुसतं हात हलवत कशाला जायचं, असं…"

"गाव किती लांब?"

"बसने चाळीस मिनिटं."

अक्कांनी पाल्यातली एक काडी बाजूला काढली.

"माघात दादा गेला," मोरेश्वर म्हणाला. "खोली तयार होती."

…

"दहाव्याला वहिनींनी सांगितलं. दर रविवारी सकाळी दादा खुणेने खुर्ची दाराकडे वळवून घ्यायचा. जेवायची वेळ टळली की पुन्हा आत वळवायला लावायचा." त्याने हातातल्या कागदाची घडी घातली. "दहा महिने, अक्का! आणि वहिनी हे रागाने बोलल्या नाहीत. सहज बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं."

अक्कांचा हात ताटलीत तसाच राहिला.

मोरेश्वरने डोळे पुसले आणि कागदाची घडी सरळ केली.

"म्हणूनच यंदाचा पहिला संकल्प, मघाशी वाचला तो. दादाच्या नावाने केंद्र काढणार. वाचा गेलेल्या माणसांसाठी. वीस खाटांचं. पुढच्या पाडव्याला उद्घाटन, तुमच्या हातून."

"वहिनी एकटीच असते आता?"

"हो. त्यांनाच विश्वस्त करायचं मनात आहे."

"दहाव्यानंतर भेटलास तिला?"

"नाही… आराखडा हातात आला की दाखवायला जाणारच आहे."

अक्कांनी पाल्याची चिमूट तोंडात टाकली. कडू रस घशात उतरला आणि त्यांना जोराचा ठसका लागला. चौऱ्याऐंशी वर्षांचं ते शरीर वाकून गेलं.

"पाणी…" त्या कशाबशा म्हणाल्या. "भांडंभर पाणी दे रे."

मोरेश्वर धावला. कोपऱ्यात माठ होता, माठावर फुलपात्र होतं. त्याने आत डोकावून पाहिलं. पाणी तळाला गेलेलं, तेही कालचं. आज पाडवा. गुरूला शिळं पाणी द्यायचं?

त्याने तांब्याची कळशी उचलली. चाळीस पायऱ्या उतरून तो झऱ्यावर गेला. कळशी राखेने लख्ख घासली, दोनदा विसळली, गळ्यापर्यंत भरली. खांद्यावर घेऊन धापा टाकत वर आला तेव्हा त्याचा सदरा भिजून अंगाला चिकटला होता.

अक्कांचा ठसका थांबला होता. त्या माठाशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. भिंत धरधरून तिथवर गेल्या असाव्यात. फुलपात्र त्यांच्या मांडीत ओलं पडलं होतं. डोळ्यांतलं पाणी अजून ओसरलं नव्हतं.

मोरेश्वरने कळशी त्यांच्यापुढे ठेवली.

"झऱ्याचं आहे, अक्का. अगदी ताजं…"

अक्कांनी कळशीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"मी भांडंभर मागितलं होतं, मोरेश्वरा."